उंचीला पगार मिळतो का? कोल्हापुरात मोजून बघायची रीत

उंच माणूस जास्त कमावतो, हे शंभरहून जास्त वर्षं मोजलं जातंय. अमेरिकेत एनोक गोविन यांनी १९१५ साली बिशपांची उंची छोट्या गावांतल्या पाद्र्यांशी आणि विक्री-व्यवस्थापकांची उंची विक्रेत्यांशी ताडून पाहिली. वरच्या हुद्द्यावरचे उंच निघाले. २००४ मध्ये पर्सिको, पोस्टलवेट आणि सिल्व्हरमन या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी गोऱ्या पुरुषांसाठी आकडा काढला: इंचामागे मजुरी अमेरिकेत सुमारे १.८ टक्के आणि ब्रिटनमध्ये सुमारे २.२ टक्के जास्त. म्हणजे सेंटिमीटरला पाऊण टक्क्याच्या आसपास.

तो आकडा उचलून कोल्हापूरला चिकटवता येत नाही, पण इथे मोजायला मात्र उत्तम जागा आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पगार महिन्याचा, इचलकरंजीत मागावरची मजुरी मीटरवर, हुपरीत चांदीचं काम वजनावर किंवा नगावर, राजारामपुरीतल्या दुकानांत महिन्याचा पगार आणि वर मालकाची मर्जी. तासाभराच्या अंतरात मजुरी मोजायच्या इतक्या तऱ्हा सापडतात. महिन्याचा पगार माणूस बघून ठरतो, नगावरची मजुरी माल बघून. उंचीचा भाव फक्त पहिल्या ठिकाणी दिसला तर तो बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. दोन्हीकडे सारखा दिसला तर तो कमावणाऱ्याच्या अंगात किंवा त्याच्या बालपणात आहे. एम. ए.चा प्रकल्प करणाऱ्यांनी किंवा एखाद्या संस्थेने सर्वेक्षण आखताना सगळी बांधणी या एका फरकाभोवती करावी.

कारणं आधी, रकाने नंतर

प्रश्नावली लिहायला बसण्याआधी तीन स्पष्टीकरणं डोक्यात स्वच्छ पाहिजेत, नाहीतर महत्त्वाचा रकानाच राहून जातो आणि सहाशे घरं पुन्हा फिरता येत नाहीत.

पहिलं, ताकद आणि आरोग्य. अनिल देवळालीकर यांनी १९८८ मध्ये दक्षिण भारतातल्या खेड्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं की शेतमजुरीवर त्या दिवसांत खाल्लेल्या कॅलरींपेक्षा उंचीच्या मानाने असलेल्या वजनाचा परिणाम दिसतो. म्हणून उंची घेताना वजनही घ्यायचं. काटा हजारभर रुपयांत येतो आणि माणूस समोर उभाच असतो.

दुसरं, बालपण. ॲन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी २००८ मध्ये मांडलं की उंच मुलं तिसऱ्या वर्षापासूनच, शाळेत जाण्याआधीच, बुद्धीच्या चाचण्यांत थोडी पुढे असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांतलं पोषण, जुलाब, आजारपण यांचा मार शरीर आणि मेंदू दोघांवर पडतो. उंची ही त्या दिवसांची पावती. रकाने: आईचं शिक्षण, वडिलांचं काम, दहा वर्षांचे असताना घरात शेती किती, संडास होता का, भावंडांत कितवा. शेवटचा प्रश्न वगळू नका. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवलं की भारतात उंचीची तूट पहिल्या अपत्यानंतरच्या मुलांत वाढत जाते आणि त्यामागे मुलग्याची ओढ आहे.

तिसरं, शाळकरी वय. पर्सिको आणि मंडळींच्या आकडेवारीत सोळाव्या वर्षाची उंची हिशोबात धरली की मोठेपणीच्या उंचीचा वेगळा परिणाम जवळजवळ उरत नाही. इथे कुणाकडे सोळाव्या वर्षाची नोंद नसते, पण एक सोपा प्रश्न आहे: ‘आठवी-नववीत उंचीप्रमाणे रांग लावायचे तेव्हा तुम्ही पुढे, मध्ये की मागे?’ बहुतेकांना हे झटकन आठवतं. तीनच पर्याय ठेवा. ‘कितव्या नंबरला’ विचारलं की लोक अंदाजपंचे सांगतात.

माणसं किती लागतील

बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. साठ जणांची उंची घेऊन आलेख काढतात, रेघ वर गेली तर ‘सिद्ध झाले’ आणि खाली गेली तर ‘कोल्हापुरात असे आढळत नाही’. दोन्ही निष्कर्ष फुकट.

हिशोब असा. एकाच लिंगाच्या प्रौढांत उंचीचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) साधारण ६.५ सेंमी धरा. वय, शिक्षण वगैरे वजा करूनही मजुरीच्या लॉगमध्ये (लॉग घेतला की फरक टक्क्यांत वाचता येतो) जी अस्ताव्यस्तता उरते ती ०.५ धरा. सहगुणक म्हणजे सेंटिमीटरमागे मजुरी कितीने बदलते तो आकडा, आणि प्रमाण त्रुटी म्हणजे तो आकडा नुसत्या योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकतो ते. मग उंचीच्या सहगुणकाची प्रमाण त्रुटी = ०.५ भागिले (६.५ गुणिले नमुन्याचं वर्गमूळ). १०० माणसांवर ती ०.००७७ येते. तुम्ही शोधताय तो परिणाम ०.००७, म्हणजे सेंटिमीटरला ०.७ टक्का. जी वस्तू मोजायची तिच्यापेक्षा फुटपट्टीची चूक मोठी! परिणाम खरा असेल तर दहापैकी आठ वेळा सापडावा एवढी खात्री हवी असेल तर त्रुटी ०.००२५ पर्यंत खाली आणावी लागते आणि त्याला साधारण ९५० माणसं लागतात. एकाच धंद्यातली माणसं घेतली, तिथे अस्ताव्यस्तता ०.३ वर आली, तर ३४० मध्ये भागतं.

एका माणसाला बारा-पंधरा मिनिटं जातात. दोघांची जोडी, घरं शोधण्यासकट, दिवसाला बारा नोंदी नीट करते. दोन जोड्या म्हणजे २४. ९५० नोंदींना चाळीस दिवस. तेवढी माणसं किंवा दिवस नसतील तर एक धंदा आणि एकच लिंग धरा, आणि अहवालाच्या नावातच तसं लिहा.

निवड कारखान्याच्या गेटवर उभं राहून करू नका. शिफ्ट सुटताना थांबतो तो मोकळा माणूस. ओव्हरटाइमवाला आत असतो. प्रभागाची मतदार यादी घ्या, तीत वय आणि लिंग दोन्ही असतं. २५ ते ५० वयातले वेगळे काढा आणि दर विसावं किंवा तिसावं नाव उचला. पंचविशीच्या आत अनेक जण शिकत किंवा भरतीची तयारी करत असतात. पन्नाशीपुढे पाठीच्या मणक्यांमुळे उंची घटायला लागते, मग टेप बालपण सांगत नाही, म्हातारपण सांगते.

ऊसतोड मजूर या सर्वेक्षणात घेऊ नका. तिथे ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांवर आणि मजुरी टनावर. एका रकमेला दोन उंच्या लागतात. मार्केट यार्डातल्या हमालांचंही आधी विचारून घ्या: टोळीची कमाई सारखी वाटून घेत असतील तर उंच आणि बुटका दोघांच्या हातात तीच रक्कम पडणार.

उंची घेणे

‘किती उंच आहात?’ विचारून लिहायचं नाही. पुरुष वाढवून सांगतात. शिवाय कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे एक खास भानगड आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६५ सेंमी आणि महिलांना १५५ सेंमी उंची लागते. भरतीच्या मैदानावर जाऊन आलेला प्रत्येक जण स्वतःची उंची ‘एकशे पासष्ट’ सांगतो, आणि भरतीला न गेलेला ‘साडेपाच फूट’, म्हणजे १६७.६ सेंमी. सांगीव उंचीचा आलेख काढलात तर या दोन ठिकाणी दोन मनोरे उभे राहतात.

मोजायला स्टॅडिओमीटर (उंची मोजायचं खास उपकरण) असेल तर उत्तम. नसेल तर हे सामान पुरतं: तीन मीटरची स्टीलची टेप, सुताराचा गुण्या, ओळंबा, लेव्हल पट्टी, चिकटपट्टी. शिंप्याची कापडी टेप नको. वापरून ती ताणते आणि पाऊण-एक सेंटिमीटर कमी दाखवते.

भिंत निवडताना खाली बघा. आजकाल बहुतेक घरांत फरशीला लागून चार इंचांचं स्कर्टिंग असतं आणि ते भिंतीच्या पुढे येतं. टाच स्कर्टिंगला टेकते, पाठ मागे कलते. स्कर्टिंग नसलेली भिंत किंवा दाराची सपाट चौकट घ्या. शहाबादी फरशी जागोजागी खालीवर असते, तेव्हा लेव्हल पट्टी ठेवून बुडबुडा मध्ये येतो ती जागा पकडा. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघा. मग टेपचा शून्य फरशीला टेकवून ती सरळ वर चिकटवा आणि एक मीटरची खूण दुसऱ्या टेपने तपासा. टेप मधेच फुगली की वरचे सगळे आकडे चुकतात, आणि ही चूक दिवसभर प्रत्येकाच्या नोंदीत जाते.

माणूस अनवाणी. टोपी, फेटा, हेअरबँड काढायचा. अंबाडा सोडायला सांगायचा किंवा मानेवर उतरवायचा. उंच अंबाड्याने दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढतात. टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला, दोन्ही पायांवर सारखा भार. मान कशी आहे तिकडे सगळ्यात जास्त लक्ष: कानाचं भोक आणि डोळ्याखालच्या हाडाची कड एका आडव्या रेषेत हवी. उंची घेताना लोक हनुवटी वर करतात, त्यांना वाटतं उंची वाढली. खरं तर त्याने डोक्याचा माथा मागे जातो आणि आकडा घटतो. खोल श्वास घ्यायला सांगा, गुण्याची एक बाजू भिंतीला घट्ट, दुसरी केस दाबून डोक्याला टेकवा आणि आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा. वाचणाऱ्याचा डोळा त्याच पातळीवर हवा, स्टूल लागलं तर घ्या. माणसाला बाजूला करून पुन्हा उभं करा, दुसरं माप घ्या. दोहोंत ०.५ सेंमीपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरं, आणि जवळच्या दोघांची सरासरी.

वेळही लिहून ठेवा. सकाळी उठल्यापासून मणक्यांमधल्या चकत्या दबत जातात आणि संध्याकाळपर्यंत माणूस साधारण एक सेंटिमीटर खाली येतो. दिवसपाळीवाले संध्याकाळी आणि दुकानदार सकाळी मोजले, तर फरक धंद्याचा की घड्याळाचा ते कळणार नाही.

एवढी काटेकोरी कशाला? मापात २ सेंमीचा विखुरलेला घोळ असेल तर तुमचा सहगुणक खऱ्यापेक्षा साधारण ९ टक्के लहान येतो, ३ सेंमीचा असेल तर १८ टक्के. आधीच बारीक असलेला परिणाम आणखी झिजतो.

फूट-इंचात नोंद करूच नका. ‘५.६’ लिहिलेला आकडा संगणकावर कुणीतरी ३०.४८ ने गुणतो आणि पाच फूट सहा इंचांचा माणूस १६७.६ ऐवजी १७०.७ होतो. त्याहून वाईट म्हणजे ५.१०. स्प्रेडशीट शेवटचं शून्य गिळते, ५.१ उरतं, आणि पाच फूट दहा इंचांचा धिप्पाड गडी १५५.४ सेंमीचा होऊन बसतो.

पैसे विचारणे

पगार आधी विचारा, उंची नंतर मोजा. माप घेऊन झालं की हशा पिकतो, शेजारी गोळा होतात आणि त्यांच्यासमोर कुणी खरा पगार सांगत नाही. मालक किंवा सुपरवायझर ऐकू येईल एवढ्या अंतरावर असेल तर ती नोंद पुन्हा कधीतरी घरी जाऊन घ्या. स्त्रियांची मापं स्त्रीनेच घ्यावीत. नाव पगाराच्या तक्त्यावर लिहायचं नाही, फक्त क्रमांक. क्रमांक आणि घर जोडणारी यादी वेगळी ठेवून काम संपल्यावर फाडून टाका, आणि हे माणसाला आधीच सांगा.

‘तुमचे मासिक उत्पन्न किती?’ हा सरकारी प्रश्न. त्याला रेशनकार्डावरचं उत्तर मिळतं. ‘हातात किती पडतात?’ विचारा. मग ‘कापून किती जातात?’ भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी विमा आणि मुख्य म्हणजे उचल. उचल फिटत असेल तर हातात पडणारी रक्कम मजुरीपेक्षा कमी असते; कापलेली रक्कम परत मिळवायची. मग ओव्हरटाइम, मग दिवाळी बोनस (बाराने भागून), मग आठवड्याचे दिवस आणि दिवसाचे तास.

शेवटी सगळं तासावर आणा. महिना १८,००० घेणारा २६ दिवस रोज ८ तास भरत असेल तर तासाला ८६ रुपये ५४ पैसे. तेवढेच पैसे १२ तासांत मिळत असतील तर ५७ रुपये ६९ पैसे. महिन्याच्या पगारात हे दोघे एकच दिसतात. आठवड्याला पगार घेणाऱ्याची रक्कम चारने गुणून महिना करायची खोड मोडा. वर्षात ५२ आठवडे, म्हणून ४.३३ ने गुणायचं. चारने गुणलं तर जवळजवळ आठ टक्के कमाई हरवते, आणि ती फक्त आठवडा-पगारवाल्यांचीच. तुम्ही शोधताय त्या फरकाहून हा घोटाळा मोठा.

मागावरच्या मजुरीसाठी एका आठवड्याचा आकडा घेऊ नका. वीज, सूत, मंदी यांनी तो हलतो. मागच्या चार आठवड्यांची डायरी किंवा हिशोबाची चिठ्ठी बघायला मागा.

‘पैसे कशावर मिळतात?’ हा रकाना ठळक करा: महिना, रोज, नग/मीटर/वजन, कमिशन, स्वतःचा धंदा. आणि एक वेगळा हो/नाही रकाना: नोकरीला उंचीची अट आहे का? पोलिसात १६४.५ सेंमीवाल्या पुरुषाला थोडा कमी पगार मिळत नाही, त्याला वर्दीच मिळत नाही. ही चढण नाही, पायरी आहे. वर्दीवाल्यांसह आणि त्यांना वगळून असा दोनदा हिशोब करून दोन्ही आकडे छापा.

हिशोब मांडणे

स्त्री-पुरुष एकत्र टाकलेत तर सगळं वाया. भारतात पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा साधारण १३ सेंमीने जास्त आहे. समजा तुमच्या नमुन्यात निम्मे पुरुष १८,००० वर, निम्म्या स्त्रिया १२,००० वर, आणि दोन्ही गटांच्या आत उंचीचा पगाराशी काडीचाही संबंध नाही. तरी एकत्र रिग्रेशन, म्हणजे नोंदींतून सहगुणक काढायचं गणित, सेंटिमीटरला सुमारे दीड टक्का दाखवेल. तो उंचीचा भाव नाही, बाई असण्याचा दंड आहे. गट वेगळे चालवा. स्त्रियांच्या गटात कमावत्या स्त्रियाच मजुरीच्या रकान्यात येतात, म्हणून न कमावणाऱ्यांचीही उंची नोंदवा. दोघींच्या सरासरी उंचीतला फरक हाही एक निष्कर्षच आहे.

तासाच्या मजुरीचा लॉग घ्या. ज्यांची मजुरी शून्य आहे त्यांच्या ओळी आधीच वेगळ्या करा, शून्याचा लॉग निघत नाही. मग रिग्रेशन पायऱ्यांनी. पहिल्यांदा उंची, वय आणि (वय वजा ३५) चा वर्ग. वय हवंच: तरुण पिढी सरासरीने उंच आहे पण अनुभव कमी म्हणून पगार कमी, आणि वय सोडलं की उंची नुकसानीत दिसते. दुसऱ्यांदा बालपणाचे रकाने आणि गाव की शहर. तिसऱ्यांदा शिक्षण आणि दहावीचे टक्के. चौथ्यांदा धंदा. प्रत्येक पायरीला उंचीचा सहगुणक किती खाली आला ते लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला तो कोसळला, तर टेपने पगार नाही, बालपण मोजलं होतं. चौथ्या पायरीचा आकडा मात्र ‘खरा परिणाम’ म्हणून मांडू नका. उंचीमुळेच माणूस चांगल्या धंद्यात शिरला असेल, तर धंदा वजा केल्याने परिणामाचाच एक तुकडा कापला जातो.

गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये ‘लाइनएस्ट’ (LINEST) हे सूत्र पुरतं. त्याच्या दोन खोड्या: सहगुणक रकान्यांच्या उलट क्रमाने येतात, म्हणजे शेवटचा रकाना पहिला, आणि एकही खाना रिकामा असला की ते चालत नाही. पहिल्या खोडीमुळे वयाचा सहगुणक उंचीचा म्हणून छापला जातो. पडताळा म्हणून उंचीचे सगळे आकडे दहाने गुणून पुन्हा चालवा. जो सहगुणक दहापट लहान होईल तो उंचीचा.

सहगुणक ०.००६ आला म्हणजे सेंटिमीटरला ०.६ टक्का, दहा सेंटिमीटरला सुमारे ६.२ टक्के, २०,००० च्या पगारावर साधारण १,२४० रुपये. पण हे दोन माणसांमधलं सरासरी अंतर आहे, एकाच माणसाची उंची वाढवून मिळणारी रक्कम नव्हे. पंचविशीतल्या माणसाच्या हाडांची वाढीची टोकं केव्हाच बंद झालेली असतात. तेव्हा हा आलेख दाखवून कुणी पावडर विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

पगारी आणि नगावरचे, समोरासमोर

आता दोन गट वेगळे करून तेच रिग्रेशन चालवा. हुपरीतलं बसून करायचं बारीक काम इथे फार उपयोगी पडतं. घुंगरू जोडायला हात लागतो, उंची लागत नाही आणि तोलून घेणारा माल बघतो. तिथेही उंचीला मोठा भाव दिसला, तर आधी आपल्या नोंदी तपासा. नोंदी बरोबर निघाल्या तर बालपणाच्या स्पष्टीकरणाकडे वळा.

सगळ्यात जास्त घसरगुंडी तुलनेच्या वेळी होते. समजा पगारी गटात सहगुणक ०.०११, त्रुटी ०.००३, नगावरच्या गटात ०.००४, त्रुटी ०.००३. पहिला त्रुटीच्या तिप्पट-चौपट, दुसरा जेमतेम सव्वापट. लगेच वाक्य सुचतं: ‘पगारात उंची चालते, नगावर चालत नाही.’ तसं म्हणता येत नाही. फरक ०.००७ आणि फरकाची त्रुटी म्हणजे दोन्ही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ०.००४२. भागाकार १.६५, दोनच्या खाली; फरक पक्का धरायला तो साधारण दोन तरी लागतो. एवढ्या त्रुटीलासुद्धा प्रत्येक गटात साधारण साडेसहाशे माणसं लागलेली असतात. अहवालात मग असं लिहा: ‘महिन्याच्या पगारावर सेंटिमीटरला १.१ टक्का, नगावर ०.४ टक्का, दोहोंतला फरक या नमुन्यात पक्का ठरत नाही.’ खाली दोन्ही त्रुटी, दोन्ही गटांची माणसं आणि मोजण्याची वेळ द्या, म्हणजे पुढच्या वर्षीची तुकडी त्याच भिंतींवर टेप लावून संख्या वाढवू शकेल.